साडेतीन कोटी धारा

ब्रह्मगिरीवर गोदावरीच्या उगमाशी, गंगाद्वारच्या गोमुखाखाली भाचीने तांब्या धरला आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा मोठ्याने आकडे म्हणू लागला. दहा म्हणायला आणि तांब्या काठोकाठ भरायला एकच गाठ पडली. तांब्या बरोबर लिटरभराचा. म्हणजे सेकंदाला शंभर मिलीलिटर पाणी. करंगळीएवढी धार.

"आजोबा, हीच ती नदी? एवढीच?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. असा प्रश्न आला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. त्या ओल्या कातळाशी बसून आम्ही जो हिशेब मांडला, तो मला अजून पुरता पचलेला नाही.

भाची सहा वर्षांपासून कैरोला असते. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी. ऊन चढायच्या आत गाडी काढायची, शहराबाहेर कुठेतरी दिवस घालवायचा आणि रात्री घरी, हा त्यांचा शिरस्ता. सक्कारा, दहशूर, फय्यूम ही नावं तिच्या मुलाच्या तोंडी अशी असतात, जशी आपल्या मुलांच्या तोंडी सोमेश्वर आणि पांडवलेणी. आषाढात ती माहेरी नाशिकला आली तेव्हा म्हणाली, "मामा, याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं काहीतरी दाखव. तिथे आम्ही सक्काऱ्याला जातो तसं." कैरोच्या मध्यापासून सक्कारा तीस किलोमीटरच्या आसपास. आमच्या घरापासून त्र्यंबकही तेवढंच. ठरलं.

सातपूर मागे टाकलं, अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला ढगात अर्धा बुडालेला दिसला, रस्त्याकडेच्या शेगड्यांवर मक्याची कणसं भाजायला लागली होती. त्र्यंबक जवळ आलं तेव्हा क्षणभर ढग सरकले आणि ब्रह्मगिरी उघडा पडला. मागच्या सीटवरून पोरगा ओरडला, "आई, सक्कारा!"

त्याचं चुकलं नव्हतं. सक्काऱ्याचा जोसेर राजाचा पिरॅमिड हा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. सहा टप्पे, एकावर एक, वर जाताना लहान होत गेलेले. उंची बासष्ट मीटर, वय साडेचार हजार वर्षांच्या पुढे. माणसाने दगडात उभारलेली पहिली प्रचंड इमारत ती. आणि ब्रह्मगिरीही तसाच टप्प्याटप्प्यांचा. उभा काळा कडा, मग हिरवी आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. भूगर्भशास्त्रात आपल्या या कातळाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतला पायरीचा शब्द आहे. ज्या मुलाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं, त्याने डोंगराकडे एकदा पाहून तेच नाव दिलं.

फरक मापाचा. त्र्यंबक गावापासून ब्रह्मगिरीचा माथा पाचशे मीटरांहून जास्त उंच. गिझाचा सर्वांत मोठा, खुफूचा पिरॅमिड बांधला तेव्हा सुमारे १४६ मीटर होता. त्यासारखे तीन एकावर एक उभे केले तरी माथा वर उरतो.

पण उंचीने काहीच कळत नाही. खरी गंमत आकारमानात आहे.

खुफूच्या पिरॅमिडात सुमारे २३ लाख दगड आहेत असं धरतात, एकेक सरासरी अडीच टनांचा. परंपरेने सांगतात त्याप्रमाणे काम वीस वर्षं चाललं असेल, तर रोज ३१५ दगड बसले. दिवसाचे दहा तास काम धरलं तर साधारण दर दोन मिनिटांनी एक. वीस वर्षं, दर दोन मिनिटांनी, खाणीतून काढलेला, घासलेला, वर चढवलेला अडीच टनांचा चिरा. माणसाच्या हाताने यापेक्षा मोठं काही उभं करायला पुढे हजारो वर्षं गेली. मला त्या माणसांविषयी मनापासून आदर आहे. त्या सगळ्या मेहनतीचं घनफळ भरतं सुमारे २६ लाख घनमीटर.

आता आपला कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हारस वाहू लागला. एका शिखरातून उसळला असं नाही, मैलोनमैल लांबीच्या भेगांतून पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर नवा थर आला. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या म्हणजे ते थर. आज झिजून उरलेला हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, म्हणजे अख्ख्या इजिप्तच्या निम्म्या क्षेत्रावर. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. मुळात किती लाव्हा आला याचे अंदाज मोठे आहेत. आपण हात आखडता घेऊन ५ लाख घनकिलोमीटरच धरू.

एका घनकिलोमीटरात १०० कोटी घनमीटर. त्यात खुफूचे ३८५ पिरॅमिड मावतात. ५ लाख घनकिलोमीटरात मावतात १९ कोटींहून जास्त.

पोराला १९ कोटी हा आकडा नुसता आकडा वाटला, म्हणून मी प्रश्न उलटा केला. वीस वर्षांना एक पिरॅमिड या वेगाने माणसं न थांबता बांधत राहिली, तर दख्खनएवढा दगड रचायला किती वर्षं? त्याने पायरीवर बसून गुणाकार केला. १९ कोटी २५ लाख गुणिले वीस. ३८५ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी. म्हणजे पृथ्वी अजून कोवळी होती तेव्हापासून मजुरांच्या पाळ्या लागल्या असत्या, तर आत्ता कुठे काम उरकलं असतं. जमिनीने हे काम बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आत संपवलं. सरासरी काढली तर दर दोन दिवसांनी एक पिरॅमिड.

नाशिकच्या घरांची जोती, घाट, काळाराम मंदिर, सगळं याच दगडातलं. आपण तो ‘काळा पाषाण’ म्हणून पायाखाली घालतो आणि परदेशातून आलेला पाहुणा पिरॅमिडचे फोटो दाखवतो तेव्हा तोंडात बोट घालतो.

गंगाद्वारपर्यंतच्या पायऱ्या लोक साडेसातशे सांगतात. अर्ध्या वाटेत सर आली. आडोसा नव्हता, भिजलो. भाचीने मुलाला टोपी घालायला लावली नाही. म्हणाली, "भिजू दे. तिकडे हे मिळत नाही."

कैरोत वर्षाचा पाऊस २५ मिलीमीटरच्या आसपास. आपल्या इगतपुरीला सरासरी तीन हजारांच्या आसपास. कैरोत वर्षभरात जेवढा पडतो तेवढा इगतपुरीत आषाढातल्या एका दुपारीही पडून जातो. पावसाचा हिशेब फार सोपा असतो, पण तो कुणी मुलांना शिकवत नाही. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तीन हजार मिलीमीटर म्हणजे तेवढ्याशा जागेवर, सतरंजीच्या एका तुकड्यावर, तीन हजार लिटर. एक चौरस किलोमीटर घेतला तर ३० लाख घनमीटर.

खुफूचा पिरॅमिड २६ लाख घनमीटर होता, हे आठवतं ना? इगतपुरीच्या एकेका चौरस किलोमीटरवर दर पावसाळ्यात त्या पिरॅमिडहून मोठा पाण्याचा डोंगर उतरतो. तो चार महिन्यांत येतो आणि वाहून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पडलेल्या थेंबाचं नशीब कोणत्या उतारावर पडला त्यावर ठरतं. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर. याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरते, वाटेत मुंबईची तहान भागवते आणि दीडशे-एक किलोमीटरांत समुद्राला मिळते. गोदावरी मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते. पूर्वेला, १,४६५ किलोमीटर, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर एकमेकांपासून हजार किलोमीटर लांबच्या दोन समुद्रांत पोचतात.

गोमुखाशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. तिथेच तो तांब्या भरला आणि तो प्रश्न आला, "एवढीच?"

सेकंदाला शंभर मिलीलिटर. ही धार वर्षभर अशीच चालली असं धरलं तर ३१ लाख ५० हजार लिटर, म्हणजे ३,१५० घनमीटर. गोदावरीच्या सगळ्या खोऱ्यात मिळून वर्षाला सरासरी जे पाणी नदीत उतरतं, ते केंद्रीय जल आयोगाच्या जुन्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या हिशेबाने ११० अब्ज घनमीटरांच्या वर आहे. भागाकार केला. साडेतीन कोटी. या करंगळीएवढ्या धारेसारख्या साडेतीन कोटी धारा एकत्र आल्या की गोदावरी होते.

आणि मग भाचीने विचारलं, "नाईल किती रे मामा?"

नाईल ६,६५० किलोमीटर लांब. खोरं तीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठं, गोदावरीच्या ३ लाख १३ हजारांच्या जवळजवळ दहापट. जगातल्या प्रत्येक शाळेत जिचं नाव घोकतात ती नदी. अस्वानजवळ तिचा वर्षाचा नैसर्गिक प्रवाह, ज्यावर इजिप्त आणि सुदानने १९५९ साली वाटणीचा करार केला, तो आहे ८४ अब्ज घनमीटर.

गोदावरी ११०. नाईल ८४.

भाचीने कागद माझ्या हातून घेतला आणि दोनदा पाहिला. मी स्वतः हे आकडे आधीपासून वेगवेगळे ओळखत होतो. शेजारीशेजारी कधी लिहिले नव्हते. नाशिककराला कळेल अशा भाषेत सांगायचं तर गोदावरी वर्षाला ३,९०० टीएमसी (अब्ज घनफूट), नाईल सुमारे २,९७०. कराराने इजिप्तच्या वाट्याला आले साडेपंचावन्न अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे १,९६० टीएमसी. त्यावर दहा कोटींहून जास्त माणसं, त्यांची शेती, त्यांची शहरं. इजिप्तमधली नाईल साधारण दीड हजार किलोमीटर वाहते, म्हणजे गोदावरीएवढीच, आणि त्या सगळ्या वाटेत तिला बारमाही वाहणारी एकही उपनदी मिळत नाही. आपल्या गोदेला दारणा मिळते, कादवा मिळते, प्रवरा, पूर्णा, मांजरा मिळतात. पुढे विदर्भाचं पाणी गोळा करून प्राणहिता येते, इंद्रावती येते, शबरी येते. साडेतीन कोटी धारांचा सगळा हिशेब या नावांत आहे.

एक गोष्ट मी परतल्यावर पुस्तकं उघडून पडताळली, कारण बोलताना मला शंका होती. नाईलच्या पुराचं पाणी मुख्यतः इथिओपियाच्या पठारावरून, निळ्या नाईलमधून येतं, आणि तेही पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. ते पठारही लाव्ह्याच्या थरांचंच आहे, आपल्याहून निम्म्याने तरुण, सुमारे तीन कोटी वर्षांचं. त्या काळ्या कातळाची माती पुराबरोबर वाहत हजारो वर्षं इजिप्तमध्ये साचली. त्या मातीवरूनच प्राचीन इजिप्शियन लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, काळी भूमी. आणि आपल्याकडे निफाडच्या शेतकऱ्याला जमीन कशी आहे विचारा, तो नुसतं ‘काळी’ म्हणतो. जमिनीलाच आपण काळी म्हणतो, काळी आई म्हणतो. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या ताटातला गहू ज्या मातीत उगवला, ती आपल्यासारख्याच एका पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरावरून खाली आली होती.

पाण्याचं भय आणि भरवसा मोजायची रीतही दोन्हीकडे मिळतीजुळती. कैरोत रोडा बेटावर ८६१ साली बांधलेला नीलमापक अजून आहे. विहिरीत उभा केलेला, खुणा कोरलेला दगडी खांब. पूर सोळा हात चढला की वर्ष चांगलं, त्यावर सारा ठरायचा. आमच्याकडे गंगेवर दुतोंड्या मारुती आहे. (नाशिकात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.) पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी मोजणी. १९६९चा पूर आमच्या आधीच्या पिढीने मोजला, २००८ आणि २०१९चे आम्ही. सराफ बाजारातली माणसं मारुतीकडे नजर ठेवून दुकानातला माल वरच्या फळीवर चढवतात.

पण गोदावरी मोठी होते म्हणजे काय होते, हे नाशिकला बसून कळत नाही. त्यासाठी १९८६चा ऑगस्ट पाहायला हवा. आंध्रात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला, जिथे आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंधारा घातला, तिथे त्या महिन्यात ३५ लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला ३५ लाख घनफूट पाण्याचा पूर गेला. आमचं गंगापूर धरण आज साडेपाच टीएमसींच्या थोडं वर भरतं. त्या पुराने ते सत्तावीस मिनिटांत भरलं असतं. जायकवाडी, १०२ टीएमसी, ज्याच्या पाण्यासाठी नाशिक आणि मराठवाडा दर दुष्काळात कोर्टाच्या पायऱ्या चढतात, ते भरायला आठ तास. आणि अस्वानचं उंच धरण, ज्याच्या मागे १३२ अब्ज घनमीटर पाणी मावतं, गंगापूरसारखी आठशेहून अधिक धरणं ज्यात रिकामी होतील, ते पंधरा-सोळा दिवसांत. नाईलला त्यासाठी आपलं दीड वर्षाचं सगळं पाणी ओतावं लागेल. लांबीने मात्र गंगापूर आणि अस्वान एकमेकांना फार परके नाहीत. दोन्ही चार किलोमीटरच्या आतबाहेर. भाची हसली, म्हणाली, "तुझं गंगापूर तिकडे नेऊन सांगते."

तर एवढी मोठी नदी, आणि तिच्या माथ्याशी राहणारे आम्ही उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी भरतो. याचं कारणही पावसाच्या आकड्यांतच आहे. इगतपुरीत तीन हजार मिलीमीटर, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणखी पूर्वेला निफाड-सिन्नरकडे पाचशेच्या घरात. पन्नास-साठ किलोमीटरांत पाऊस एक षष्ठांश होतो. घाटाची चिंचोळी पट्टी एवढंच आमचं खरं पाणी. ११० अब्जांतला फार मोठा वाटा पार खाली, प्राणहिता-इंद्रावतीच्या जंगलांतून येतो, तो आमच्या दारावरून जातच नाही. म्हणून तो घाटमाथा, ही झाडं, हे कातळातले झिरपे आमच्यासाठी देवळातल्या पिंडीइतके मोलाचे आहेत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडल्याच्या बातम्या वाचल्या की माझा जीव कळवळतो. सहा कोटी वर्षांत पडलेल्या भेगांमधून ती करंगळीची धार येते. भेग कुठून कुठे जाते याचा नकाशा यंत्र चालवणाऱ्याकडे नसतो.

उतरताना भाचीने तांब्या पुन्हा एकदा भरून घेतला. कैरोला न्यायला.

खाली कुशावर्त कुंडावर गर्दी होती. दर्शन, मग पेढे, मग चहा. सिंहस्थ तोंडावर आल्याने गावभर खोदकाम होतं आणि बोलणं सगळं किती लोक येणार याचंच. पोराच्या डोक्यात मात्र अजून ती धार होती. वरून तिला पाहिलं, आता खाली ती केवढी झाली ते त्याला पाहायचं होतं. त्याने आधी आईला विचारलं, मग मला, मग चहावाल्याला. चहावाल्याने हातातला ओगराळा तसाच खाली दाखवला.

त्र्यंबक गावातून गोदावरी काही अंतर सिमेंटच्या स्लॅबखालून जाते. आम्ही स्लॅबवरच उभे होतो. आमची गाडीही त्यावरच होती.

पोरगा रस्त्याच्या कडेला एका जाळीपाशी गुडघ्यांवर बसला, कान लावला. गर्दीचा आवाज होता, रिक्षा होत्या. त्याने हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आहे. ऐकू येतीय. खूप आहे."

भाचीही त्याच्याशेजारी वाकली.